हरणाऱ्या संघाचा उन्हाळा

लेकीकडे अमेरिकेत होते तेव्हा शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. बाईंना बेसबॉलचं भारी वेड. त्यांच्या गावचा संघ त्या उन्हाळ्यात सारखा हरत होता, तरी रेडिओवर सामना ऐकल्याशिवाय त्यांची संध्याकाळ सरत नसे. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या आणि ऐकू येणंही मंदावलं. रेडिओ कळेना, नवऱ्याचा आवाज तेवढा कळे. मग आयुष्यभर या खेळाचा कंटाळा केलेले आजोबा व्हरांड्यात रेडिओपाशी बसू लागले. सामना संपला की आत जाऊन बायकोच्या कानाशी सगळं सांगायचे.

एकदा कुंपणापाशी मी विचारलं, "हरल्याचंही सांगता?"

"सांगतो ना. ती म्हणते, उद्या परत खेळायचंच आहे."

खरंच, हा खेळ जवळजवळ रोज असतो. आपल्याकडे क्रिकेटमधली एक हार घराघरात आठवडाभर पुरते. तिथे हारही शिळी होऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उभं राहायचं, आणि चाहत्यांनी पुन्हा कान लावायचे.

पानं पिवळी पडू लागली तेव्हा बाई गेल्या. रेडिओ मात्र चालू राहिला. एका संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत असताना आजोबा लगबगीने कुंपणापाशी आले.

"आज जिंकले," ते म्हणाले.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी नळ बंद केला आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांगा."