सगळे हात वर होते

आजी डोंगरात जाऊन धबधबा पाहून आली, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितले असेल. ते खरेच आहे. मी फोटोही पाठवला होता. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, मागे पाणी. तुम्ही त्यावर अंगठा पाठवलात. पण त्या फोटोनंतर जे झाले ते मी तेव्हा कळवले नाही, म्हणून आता लिहिते आहे. तिकडे परदेशात वाढल्यामुळे तुम्हाला बाळबोध लिपी वाचता येत नाही, तेव्हा हे बाबाच वाचून दाखवतील. त्यांनी मधले काही गाळू नये.

तुमचे आजोबा गेल्यापासून मी रोज सकाळी तंजावूरच्या शिवगंगा बागेत फिरायला जाते. तिथे निवृत्त माणसांचा एक घोळका जमतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याचे पुढारी आहेत, त्यांना सगळे ‘सार’, म्हणजे सर, म्हणतात. मी मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवले म्हणून मला ‘टीचर’ म्हणतात. बहुतेक जण नवराबायको मिळून येतात. काही बहिणी-बहिणी आहेत, काही जुन्या मैत्रिणी. आपली मराठी बोलणारी मी एकटीच. माझे बोलणे दिवसभर तमिळमध्येच चालते, आणि घरी आल्यावर बोलायला कोणी नसते.

तमिळ मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, संपत आला होता. पाऊस थांबला होता आणि डोंगरातले ओढे अजून वाहत होते. सारांनी सहल ठरवली. तुरैयूरच्या पलीकडच्या डोंगरावरच्या शेवटच्या खेड्यापर्यंत बस, आणि तिथून एका वाटाड्याबरोबर जंगलातून चालत धबधब्यापर्यंत. तिथे रस्ता जात नाही म्हणून गर्दी नसते, असे ते म्हणाले.

मला सगळी व्यवस्था आधी लावायची सवय आहे, हे बाबांना विचारा. दूधवाल्याला मी दोन दिवस येऊ नको म्हणून सांगितले. कामवालीला दोन दिवसांची सुटी दिली. शेजारच्या मामींना म्हटले, “संध्याकाळी दिवा दिसला नाही तर घाबरू नका, आम्हाला उशीर होईल.” मी रोज सकाळी उठल्यावर बाबांना मेसेज पाठवते. तो आला नाही तर ते शेजारी फोन करतात, असे आमचे ठरलेले आहे. त्यांनाही सांगितले, “पहाटेच निघायचंय, आणि डोंगरात सिग्नल नसतो. मेसेज येणार नाही. तू फोन करू नकोस, उगीच जिवाला घोर लावून घेशील.” सगळ्यांना सांगून झाल्यावर मला फार बरे वाटले. मग निवांतपणे सांज्याच्या पोळ्या केल्या आणि एका मोठ्या डब्यात भरल्या, परतीच्या वाटेवर सगळ्यांना द्यायला.

तिरुच्चीला कावेरी ओलांडली तेव्हा उजाडत होते. बसमध्ये मी सारांना एक सूचना केली. शाळेच्या सहलीत आम्ही मुलींच्या जोड्या लावत असू. प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीवर लक्ष ठेवायचे आणि निघताना दोघींनी मिळून हात वर करायचा. मोजदाद करत बसावे लागत नाही. सारांना ही सूचना फारच आवडली. त्यांनी उभे राहून सगळ्यांना समजावून सांगितली.

“इतकी वर्षं हीच जोडी सांभाळतोय,” मागून एक गृहस्थ म्हणाले. “आज एक दिवस हरवली तर?”

“हरवून पाहा की,” त्यांची बायको म्हणाली. “पुळियोदरै भाताचा डबा माझ्या पिशवीत आहे.”

टेलिफोन ऑफिसमधून निवृत्त झालेल्या एक बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी लग्न केले नाही, धाकट्या बहिणीबरोबर राहतात. जीभ तिखट. त्या मान न वळवता म्हणाल्या, “टीचर, शाळा सुटली म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं नाही वाटतं.”

सगळे हसले, मीही हसले. मग सारांनी विचारले, “टीचर, तुमची जोडी कोण?”

मी भोवती पाहिले. सगळ्यांच्या जोड्या झाल्या होत्या. त्या क्षणी कोणाला तरी तिघांत घ्या म्हणता आले असते. मी म्हणाले, “माझी मी पुरे आहे, सार. मुलांना सांभाळलंय, स्वतःला नाही का सांभाळणार?” त्यांनी हात जोडले आणि पुढे गेले.

खेड्यापासून आधी मरवळ्ळीच्या, म्हणजे साबुदाण्याच्या, कंदांची शेते लागली, मग झाडी दाट झाली. वाट अरुंद होती, एकामागे एकच जाता येईल अशी. वाटाड्या पुढे, सार सगळ्यांच्या मागे. चढ-उतारावर जोडीतला एक दुसऱ्याला हात देत होता. मी काठी घेतली होती. कुठे काही अडले नाही. फक्त एखादा पक्षी दिसला किंवा पायाखालचा दगड हलला, तर ते म्हणायला कोणी नव्हते. मी दोनदा तोंड उघडले आणि मिटले.

पाण्याचा आवाज आधी आला, पाणी बऱ्याच वेळाने दिसले. काळ्या कातळावरून ते पांढरे होऊन पडत होते आणि खाली डोहात हिरवे होत होते. बायका साड्यांसकट धारेखाली गेल्या. मीही गेले. डोक्यावर पाणी आदळले तेव्हा वाटले कोणीतरी खांदे धरून हलवते आहे. तुमचा तो फोटो त्याच्या आधीचा.

मग ओल्या साड्या बदलायच्या होत्या. तिथे आडोसा नव्हता. एकीने चादर धरायची आणि दुसरीने बदलायचे, असे बायकांनी जोडीजोडीने सुरू केले. मी थोडा वेळ पिशवी घेऊन उभी राहिले. कोणाला म्हटले असते तर कोणीही चादर धरली असती. मी म्हटले नाही. ओढ्याच्या कडेने वर गेले, एका मोठ्या कातळाला वळसा घातला, आणखी थोडी पुढे गेले आणि नीट आडोसा शोधला. साडी बदलली. ओली साडी पिळली, झटकली, घडी घालून पिशवीत ठेवली. केस पुसले, वेणी पुन्हा घातली. सावकाश केले. पाण्याच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नव्हते.

परत आले तेव्हा डोहापाशी कोणी नव्हते.

आधी मला वाटले, मीच चुकीच्या जागी आले. पण कातळावर ओल्या पावलांचे ठसे होते, एकमेकांत मिसळलेले, आणि कडेने वाळत चाललेले. एका झुडपावर कोणाची तरी केसांची रिबीन राहिली होती. मी ‘सार’ अशी हाक मारली. ती मला स्वतःलाच ऐकू आली नाही.

काय झाले असेल ते मला लगेच कळले. सारांनी विचारले असणार, “जोड्या पाहा, हात वर करा.” सगळे हात वर झाले असणार. ज्याचे माणूस हरवले असा तिथे कोणीच नव्हता.

त्या वाटेला पुढे फाटे होते, हे येताना मी पाहिले होते. मुलींना मी नेहमी सांगत असे की चुकलात तर जिथे असाल तिथेच थांबा, कोणीतरी शोधत येईल. मी एका सपाट दगडावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. आणि मग मनात हिशेब सुरू झाला की कोण शोधत येईल.

दूधवाला उद्या येणार नव्हता. कामवाली येणार नव्हती. शेजारच्या मामी अंधारे घर पाहून निवांत झोपणार होत्या. तुमचे बाबा मेसेजची वाट पाहणार नव्हते. ज्या ज्या माणसाला माझी आठवण आली असती, त्या प्रत्येकाला मी स्वतः जाऊन सांगितले होते की आठवण काढू नका. एकाचीही चूक नव्हती. इतके चोख काम मी शाळेतही क्वचित केले असेल.

मला जंगलाची भीती वाटली नाही. ऊन होते, माकडेसुद्धा नव्हती. भीती वाटली ती ह्याची की असे होऊ शकते. एखादे माणूस दिवसभर नसते आणि कुठेच काही अडत नाही. ही गोष्ट मला घरी बसून बरेच दिवस माहीत असावी. पण घरी कपडे वाळत घालायचे असतात, रेडिओ असतो. इथे नुसते पाणी पडत होते.

थोड्या वेळाने मी बोलू लागले. मोठ्याने. “कोणी आहे का, मी इथं राहिले आहे,” असे. नंतर माझ्या लक्षात आले की मी मराठीत बोलते आहे. त्या घोळक्यातला कोणी अगदी झाडाआड उभा असता तरी त्याला ते समजले नसते. तरी मी थांबले नाही. तुमच्या आजोबांशी बोलावे तशी बोलत राहिले. पायातले बूट चावतात, सार बिचारे घाबरतील, केसांना तेल लावून यायला हवे होते. एवढी मराठी मी कितीतरी महिन्यांत सलग बोलले नव्हते. पुष्कळ बोलून झाल्यावर मी गप्प झाले, आणि मग खरोखर रडले. बाबा, हे वाक्यही वाचा.

सावल्या डोहापर्यंत आल्या तेव्हा झाडीतून वाटाड्या धावत आला. त्याच्या मागे सार, धापा टाकत, शर्ट भिजलेला. दम घेऊन ते म्हणाले, “टीचर, सगळे हात वर होते. मी नीट पाहिलं. सगळे हात वर होते.”

“असणारच,” मी म्हणाले.

परतताना सारांनी सगळे सांगितले. खेड्यात पोहोचल्यावर लोक बसमध्ये बसले, चहा आला. कोणीतरी माझ्या जागेवरचा पोळ्यांचा डबा उघडायला घेतला. तेव्हा टेलिफोनवाल्या बाई ओरडल्या, “टीचरना विचारल्याशिवाय हात लावू नका.” मग विचारायला टीचर कुठे आहेत ते पाहू लागले.

मी बसमध्ये चढले. ज्यांनी बायको हरवण्याची थट्टा केली होती, ते गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. सार दारातच उभे होते. मी काहीतरी म्हणावे म्हणून सगळे थांबले होते, आणि काय म्हणायचे तेही मला पाठ होते. काही हरकत नाही, छान विश्रांती झाली, जागा फार सुंदर आहे. आजोबा गेल्यापासून मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला असेच काहीतरी म्हणत आले आहे. मग लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि चहा घेऊन जातात.

मी म्हणाले, “मला फार भीती वाटली. वाटलं, कोणाला कळणारच नाही.”

सार खाली पाहत होते. त्यांचे मला वाईट वाटले, पण मी शब्द परत घेतले नाहीत. मग टेलिफोनवाल्या बाईंनी बहिणीला कोपराने ढोसले, “ऊठ, मागं जाऊन बस.” माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “इथं बसा. खिडकी मिळणार नाही, मला मळमळतं. आणि मला इंग्रजी शिकवू नका.”

मी बसले. तंजावूर येईपर्यंत आम्ही विशेष काही बोललो नाही. त्यांना झोप लागली तेव्हा त्यांचे डोके माझ्या खांद्यावर पडले. जड होते. मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. “आई, मजा आली की नाही?” मी ‘हो’ म्हणाले. धबधबा किती उंच, पाणी किती गार, ते सांगितले. मग थांबले आणि उरलेलेही सांगितले. त्यांच्या घरातला नळ चालू असलेला ऐकू येत होता, तो त्यांनी बंद केला.

“मला काल एकदा वाटलं होतं फोन करावा,” ते म्हणाले. “पण तूच नको म्हणालीस.”

“मीच म्हणाले,” मी म्हणाले. “ह्यापुढं मी नको म्हटलं तरी करत जा.”

ते ‘हो’ म्हणाले. करतात. एखाद्या दिवशी विसरतात, कामे असतात त्यांना. त्या दिवशी मी दुपारचे जेवण होईपर्यंत वाट पाहते, आणि मग मीच फोन लावते. तुमच्याकडे तेव्हा पहाट असते. तुमच्यापैकी कोणी जागे असेल तर उचला.