स्वच्छ तबकडी
काल सुनेनं चायना ग्रास उकळायला ठेवलं आणि त्या शेवाळी वासानं मी थेट नव्वदच्या आसपासच्या आदिलाबादच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. तिथं असंच काहीसं आम्ही काचेच्या तबकड्यांत थिजवायचो आणि त्यावर मोजून पाण्याचा थेंब पसरायचो. प्रत्येक जिवंत जंतूचा वाढून एक ठिपका व्हायचा. ठिपके मोजले की पाण्यात जंतू किती, ते कळायचं. तेव्हा बाजारहत्नूरजवळच्या एका गावात हगवणीची साथ होती. विहिरीशेजारच्या बाईकडे मी निर्जंतुक बाटली देऊन आले होते, सकाळी भरून पहिल्या बसनं पाठवा म्हणून. बाटली आली, पण तबकडीवर एकही ठिपका उगवेना. मी उबेची पेटी उघडायची, बघायची, परत लावायची, खुर्चीत बसवेना. गावात लेकरं आडवी पडलेली आणि माझी तबकडी लख्ख! शेवटी बस धरून गावात गेले. "पाणी याच विहिरीचं होतं ना?" मी उंबऱ्यातूनच विचारलं. "याच विहिरीचं," बाई म्हणाली, "पन उकळून, गाळून भरलं. कच्चं पिऊ नका, असं तुमीच त सांगून गेल्या. मंग पावन्याले कच्चं काऊन देऊ?" "आणि तुम्ही घरातले?" "आमी कच्चंच पिऊन राह्यलो. सगळ्यायसाठी उकळाले रोज येवढं सरपन कुठून आनू?" असं म्हणत तिनं माझ्यापुढं तांब्या ठेवला. तो कोमट होता. अजूनही परक्या घरी पाणी पुढं आलं की मी आधी त्या घरातल्या लेकरांचे पेले बघते.