तारेवरचा कोरडा टॉवेल

त्या रविवारी चारला दहा कमी असताना बाल्कनीतल्या तारेवर मी ओली चादर टाकली. मीच टाकली, दुसऱ्या कुणी नाही. आणि ती तार कपड्यांची नव्हतीच. माझ्या धाकट्या भावाच्या रेडिओची एरियल होती ती.

चारला तो कपाटासमोर बसला, कानाला हेडफोन लावला आणि सुरू झाला, कट्ट कडकट्ट, कट्ट कडकट्ट. जरा वेळाने उठून बाल्कनीत आला. चादर बघितली. "त... ताई, ओ... ओली?"

मी म्हटलं, "आजच्या दिवस राहू दे रे, सेक्रेटरी खालीच उभे आहेत."

तो आत गेला, परत कट्ट कडकट्ट. मी भांडी लावत होते. आवाज मधेच थांबला आणि खुर्ची पडली. धावत जाऊन बघते तर हा खाली. हेडफोन बाजूला पडलेला, त्यातून नुसतं पीं पीं, पीं पीं चाललेलं. मला ते ऐकवेना, मी बटणच बंद केलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं म्हणाले. सत्तावन्न वर्षांचा होता.

बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्याने. लहानपणापासून बोलताना अडायचा. त्याचं वाक्य दुसरंच कुणीतरी पुरं करायचं, जास्त करून मीच. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने त्याला नाव विचारलं, ते पण मीच सांगून मोकळी झाले. ते लग्न काही जमलं नाही. पुढे कुठलंच जमलं नाही. आठवलं की अजून जीव जळतो.

मग त्याला हे रेडिओवरून लांबच्या माणसांशी बोलायचं खूळ लागलं. त्याची सरकारी परीक्षा असते, परवाना असतो. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास. आता आमचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. ठेवणार कुठे? माझ्या कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा गेला. त्याला बिजागरी लावून एक फळी बसवली, पाडली की टेबल, उचलली की कपाट. तोंडाने बोलायचं यंत्र त्याने आणलंच नाही. खटका आणला. बोटाने कट्ट कडकट्ट करायचं, समोरच्याला त्यातून अक्षरं कळतात. बोट कशाला अडखळतंय!

सोसायटीवाले गच्चीवर एरियल लावू देईनात. सगळ्यांचे टीव्ही बिघडतील म्हणाले. मग याने बाल्कनीत बारीक तार फिरवली, या टोकाला त्या टोकाला, आणि वर एक टॉवेल टाकला. कुणी विचारलं तर कपड्यांची दोरी म्हणून सांगायचं. मला चिठ्ठी लिहून दाराला चिकटवली, 'टॉवेल कोरडाच. ओलं टाकलंस तर माझं बोलणं तारेतच मुरेल.'

दर रविवारी चारला समुद्रापलीकडचा एक म्हातारा भेटायचा त्याला. घड्याळं दुरुस्त करायचा म्हणे तो. चार वर्षं चाललं होतं त्यांचं. मी एकदा विचारलं, "एवढं काय सांगतोस रे त्याला?"

"वि... विनोद."

"तू आणि विनोद!" म्हणून मी किती हसले होते.

त्या रविवारी सकाळी सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "ताई, तुमचा तो टॉवेल वर्षभर वाळतोय. अजून ओलाच का? चारला खालून बघतो मी, ओले कपडे नसले तर उद्या तार कापायला माणूस पाठवतो." मी घाबरले. याची तार गेली तर याचं तोंडच बंद होईल. म्हणून ती चादर.

तो गेल्यावर मला एकच घोर लागला. त्याचं शेवटचं बोलणं पोचलं का माझ्या चादरीत मुरलं? त्याच्याबरोबर लिफ्टचं काम करायचा त्या जोडीदाराला दहादा विचारलं. तो म्हणायचा, "मला त्यातलं काय कळतंय ताई."

पाच आठवड्यांनी पोस्टाने कार्ड आलं. एका बाजूला घड्याळाचं चित्र, दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहिलेलं. तारीख तेवढी मला वाचता आली. त्याच रविवारची होती. जोडीदाराला बोलावून घेतलं. तो अडत अडत वाचून सांगायला लागला.

"लिहिलंय, आज तुमचं फार बारीक येत होतं, पण सगळं कळलं."

मी म्हटलं, पुढे.

"मी तीन वेळा उत्तर दिलं. तुमच्यासारखा बडबड्या माणूस असा मधेच गप्प का झाला?"

ते पीं पीं. मी बटण बंद केलं ते.

जोडीदार म्हणाला, "ताई, पाणी आणू?"

मी म्हटलं, "पाणी नको. काय लिहिलंय त्याने? कसा माणूस?"

"बडबड्या."

"परत वाच," म्हटलं.