न रडलेल्या मुलीची पाचवी

इजिप्तचे देव आमच्या घरात आले ते सुनेमुळे. ती सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर शाळेत शिकवते. शाळेच्या पेटीत कोणीतरी दान दिलेली पुस्तकं होती, त्यात एक जाड, चित्रांचं, जुन्या इजिप्तच्या देवांचं. त्यातली जनावरांच्या तोंडाची माणसं बघून पोरांनी तिला प्रश्न विचारून हैराण केलं. आधी आपण वाचावं आणि मग पोरांना सांगावं, म्हणून ती पुस्तक घरी घेऊन आली. त्याच सुमाराला तिला दिवस गेले. आधी दोनदा राहिलं होतं आणि सुरुवातीच्या महिन्यांतच पडलं होतं, म्हणून जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलं. ती खाटेवर आणि मी खाली सूप घेऊन नागली निवडत, असे आमचे दिवस जायचे. ती वाचायची, मी ऐकायचे.

मी सुईण आहे. म्हणजे होते. शाळा चौथीपर्यंत शिकले, बाकीचं सासूकडून. आता बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात आणि ते बरंच आहे. माझ्या हाताखाली बायका मेलेल्या आहेत. त्या दवाखान्यात असत्या तर कदाचित वाचल्या असत्या. पण पाचवीला अजून मलाच बोलावतात, कारण पाचवी नर्सला येत नाही. जन्माच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आम्ही मानतो. भिंतीवर तांदळाच्या पिठाने सटवाई काढायची, खाली सूप मांडायचं, सुपात तांदूळ, तांदळावर बाळ, आणि सुईणीने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारायची. तोवर ते नुसतं बाळ असतं. हाक मारली की ते घरातलं माणूस होतं.

"आई, हा बघा ख्नुम," सून म्हणाली. "मेंढ्याचं तोंड. हा कुंभार आहे. चाकावर माती घेऊन माणूस घडवतो."

मुलगा जेवायला बसला होता. तो मोखाड्याला पंचायत समितीत कारकून आहे. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "चाकावर घडवतो, मग हा असा वाकडा कसा निघाला?"

"तुझ्याच चाकावरचा माल आहे," तो म्हणाला आणि भात मागितला.

हा ख्नुम दर वेळी दोन घडवायचा. एक बाळ आणि दुसरा त्याचा जोडीदार, त्याला ते 'का' म्हणायचे. दोघं बरोबर जन्मायचे. मग हेकेत नावाची देवी बाळाच्या नाकात श्वास घालायची. तिचं तोंड बेडकीचं. ती बाळंतिणींची देवी.

"म्हणजे तिथल्या सुइणींची देवी," सून म्हणाली. "तुमची."

"बेडकी? चांगला देव काढलास माझ्यासाठी."

ती पोट धरून हसली. मी तिला हसू नको म्हणून ओरडले. अशा बाईला हसवू नये एवढंही मला कळलं नाही, म्हणून मग स्वतःवरच चिडले.

जग कसं झालं याच्या त्यांच्याकडे किती गोष्टी होत्या! एक देव थुंकला आणि त्याच्या थुंकीतून पोरं झाली. दुसऱ्याने, प्ताह त्याचं नाव, काहीच केलं नाही. मनात आणलं, जिभेने नाव घेतलं, की ती वस्तू तयार. ही मला सगळ्यात सोपी रीत वाटली. आणि त्या नाव घेण्यात जो जोर असतो तोच एक देव, जादूचा देव, बाकीच्या देवांच्याही आधीचा. त्याचं नाव हेका. आमच्याकडे हेका धरणारी सूनच असते, असं मी म्हटलं. तिने ते मनावर घेतलं नाही.

इसिसची गोष्ट मात्र मला पटली नाही. रा नावाचा सूर्यदेव म्हातारा झाला होता, त्याची लाळ गळायची. इसिसने ती लाळ मातीत कालवून साप केला, तो त्याला चावला. तो तडफडायला लागला तेव्हा ती म्हणाली, तुझं खरं नाव सांग, मग विष उतरवते.

"औषध जवळ होतं तर आधी साप कशाला केला?" मी विचारलं.

"तिला नाव हवं होतं, आई. ज्याचं खरं नाव आपल्याला माहीत, त्याच्यावर आपला जोर. आणि ज्याचं नाव कोणी घेत नाही तो संपला. एखाद्याला कायमचा मारायचा असेल तर दगडावरचं त्याचं नाव छिन्नीने खोडायचे."

हे मात्र मला पटलं. आमचा भगतही कोणाला लागिर झालं तर आधी त्या भुताचं नावच विचारतो. नाव कळल्याशिवाय त्याला काही करता येत नाही.

आठवा संपत आला होता. एका सकाळी ती म्हणाली, "आई, कालपासून हललं नाही." मी पोटावर हात ठेवला. मला काही कळलं नाही. जीप करून जव्हारला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं, परत फिरवलं, आणि मग पडद्याचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. तेव्हा कळलं.

कळा यायचं औषध देऊन बाळंत केलं. नर्स मला ओळखतात, त्यांनी आत उभं राहू दिलं. माझ्या पिशवीत काशाची थाळी होती. मूल रडलं नाही तर आम्ही त्याच्या कानाशी थाळी वाजवतो. सवयीने पिशवीत टाकली होती, ती मी बाहेर काढली नाही. मुलगी होती. डोक्यावर भरपूर केस. नखंसुद्धा वाढलेली. सुनेने तिला बराच वेळ छातीशी धरलं, मग मी घेतली, पुसली आणि माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. सून दवाखान्यातच राहिली. मी आणि मुलगा बाळाला घेऊन घरी निघालो. जीपवाल्याने वाटेत दुसरं कोणी घेतलं नाही. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

शेताच्या वरच्या बांधाला ऐनाचं झाड आहे, त्याच्याखाली तिला पुरलं. बायका तिथे जात नाहीत. मी घरातून बघितलं.

सून तिसऱ्या दिवशी घरी आली. त्याच दिवशी तिला दूध आलं. बाळ असो नसो, दूध येतंच. मी तिची छाती फडक्याने घट्ट बांधली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पुढचं मूल होईल, पण कठीण आहे, थांबून बघा. होईल हा शब्द मी धरून ठेवला होता. माझा एकच मुलगा. मला नातवंड हवं होतं, ते मी लपवत नाही.

आता आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. जे मूल रडलं नाही त्याची पाचवी करत नाहीत. त्याचं नाव ठेवत नाहीत, मनातसुद्धा आणत नाहीत. बिननावाचं मूल जिथून आलं तिथे परत जातं आणि त्याच आईच्या पोटी पुन्हा येतं. नाव दिलं तर ते त्या नावाला बांधलं जातं. मग ते परत येत नाही आणि मागून येणाऱ्याचीही वाट अडते. हे मी किती बायकांना सांगितलं असेल! त्यांनीही ऐकलं, आणि पुढे त्यांना मुलं झाली. त्यामुळे झाली की कशामुळे, ते मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी मी चुलीवर पेज ढवळत होते. सून भिंतीला टेकून बसली होती.

"उद्या पाचवी," ती म्हणाली.

"कोणाची?"

"माझ्या मुलीची."

"तिची पाचवी नसते. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुम्ही करा."

मुलगा उठून उभा राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का? पाड्यात काय म्हणतील? आणि पुढचं काय? पुढचं मूल?"

"मला पुढचं नको."

"आत्ता असं म्हणतेस."

"ती परत येईल म्हणून मी वाट बघत बसू?" ती म्हणाली. "आणि आली तरी ती हीच असेल कशावरून? दुसरी कोणीतरी येईल आणि मी तिला ही म्हणेन. मग ही कुठे गेली?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी पेज उतरवली आणि म्हटलं, "बाई, तुझ्या पुस्तकातल्या देवांच्या नादी लागून हे बोलतेस. इथे तसं नसतं."

"तिथेही तसं नव्हतं," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. तिथल्या एका राजाच्या थडग्यात लहान लहान दोन पेट्या सापडल्या. आत दोन मुली, जन्माआधीच गेलेल्या. मसाले लावून, कापडात गुंडाळून, पेटीत पेटी, आतली सोन्याने मढवलेली. पेटीवर मेलेल्या प्रत्येकाला लावतात ते मेलेल्यांच्या देवाचं नाव लिहिलेलं. त्यांचं स्वतःचं नाव नाही.

"बघ," मी म्हटलं. "राजानेही ठेवलं नाही. ज्या लोकांना नावाचं एवढं, त्यांनीसुद्धा नाही."

"म्हणून तर. एवढं सोनं घातलं आणि हाक मारायला काही नाही. आता त्यांना जुने लोक क्रमांकाने ओळखतात." जुने लोक म्हणजे तिला जुन्या वस्तू शोधणारे म्हणायचं होतं. ती थकली होती. "मला तिला क्रमांकाने ओळखायचं नाही, आई. तिसरी वेळ, असं नाही म्हणायचं."

मुलगा बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी तिला पेज दिली. ती तिने घेतली नाही.

मी विचार केला. पाचवी करावी की नाही हे रीत सांगते, पण वाट कोणाची अडते? माझी नव्हे. मुलाचीही तेवढी नव्हे. पोट तिचं. आणि मी नाही म्हटलं तर ती मनात नाव ठेवणारच होती, कदाचित ठेवलंही होतं. मग बांधलं जायचं ते बांधलं जाणारच, फक्त चोरून. चोरून नाव ठेवलेलं मूल मला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी पीठ कालवलं आणि भिंतीवर सटवाई काढली. सूप मांडलं, तांदूळ घातले. तांदळावर ठेवायला काही नव्हतं. सून बाळाचं टोपडं ठेवूया का म्हणाली, मी नको म्हटलं. खोटं बाळ करायचं नाही. सूप तसंच ठेवलं. सटवाईला मी काही मागितलं नाही. कपाळच नाही तर ती लिहिणार कुठे? नुसता दिवा लावला.

नाव सुनेने माझ्या कानात सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते आमच्या घरातलं आहे.

मी नाव घेऊन हाक मारली. माझा आवाज जाडा आहे, पाड्यात ऐकू गेली असेल. एरवी अशा वेळी बाळ लहान असतं, त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आई 'ओ' देते. सगळ्या बाया हसतात, कारण आईला आपणच आपल्या बाळाचा आवाज काढायची लाज वाटते. त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. मी थांबले. मला वाटलं, ती देणार नाही.

तिने 'ओ' दिली. बारीक आवाजात, लहान मुलीसारखी.

मग ती रडली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मी तिला गप्प केलं नाही. मुलगा दारात येऊन उभा होता, कधी आला ते कळलं नाही. तो म्हणाला, "मला नाव परत सांग."

"तिला विचार," मी म्हटलं. "माझं काम झालं."

पाचवीचे तांदूळ सुईणीचे असतात. ते मी शिजवू शकले नाही. अंगणात कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी खाल्ले.

त्यानंतर मूल झालं नाही. पाड्यातल्या बायका म्हणतात, नाव दिलं म्हणून. डॉक्टरीणबाई दुसरं कारण सांगतात. मला दोन्ही खरी वाटतात आणि दोन्हीने काही फरक पडत नाही. त्या देवांची चित्रं तिने शाळेत भिंतीला लावली. पोरांना बेडकी सगळ्यात आवडते.

बाजाराच्या दिवशी आम्ही मोखाड्याला जातो. परत येताना स्टँडवर जीप भरेपर्यंत बसावं लागतं आणि शेजारच्या बायका काही ना काही विचारतात. मास्तरीणबाई, कुठल्या शाळेत? मुलं किती तुम्हाला?

"एक," सून म्हणते. "मुलगी."

पहिल्यांदा मी तिला कोपराने ढोसलं होतं. आता ढोसत नाही. पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, कितवीला आहे? मग ती सांगते, गेली ती, जन्मायच्या आधीच. आणि विचारलं तर नावही सांगते. कधी एखादी बाई आपल्या पोराला जवळ ओढते. सून पिशवीतली भाजी नीट लावते, आणि जीपवाला हाका मारायला लागेपर्यंत ती बाई आणि आम्ही दोघी, तिघी तशाच बसून राहतो.