थाळी पगारात धरली

मामी वाढायला आल्या की कढीचा डाव भातावर आणून थांबायच्या. डाव तिरका करायच्या नाहीत. माशाच्या कढीची वाफ थेट नाकात शिरायची, हात भातापाशी अडून बसलेला असायचा आणि मामी शांतपणे म्हणायच्या, "पयलां बोल, मगे जेव."

मग समोरचा बोलायचा. मी भलेभले बोलताना पाहिलेत. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाची होडी विकायला निघाली, कोण मुंबईची नोकरी सोडून आलाय आणि घरी 'रजेवर आहे' म्हणून सांगतोय, हे सगळं मामींना त्या एका डावावर कळलेलं. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. फक्त तिच्या हातात कबड्डीची लीग कोणी दिली नसेल. आमच्याकडे दिली.

मामींची खानावळ तारकर्लीच्या रस्त्यावर, माडांच्या बागेला लागून. मी हायस्कुलात शिक्षक. बायको वेंगुर्ल्याला नोकरीला, त्यामुळे शनिवार-रविवार सोडले तर माझं दुपारचं जेवण मामींकडेच. गावभर त्यांना मामीच म्हणत. कोणाच्या मामी हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. त्यांचे यजमान ओघानेच मामा झाले. मामांची एक होडी होती. ते बोलत कमी आणि जाळं विणत जास्त.

टीव्हीवरची लीग बघून आमच्या पंचक्रोशीतही कबड्डीची लीग सुरू झाली. सहा वाड्यांचे सहा संघ, खेळाडूंचा लिलाव, रंगीत बनियनं, सगळं साग्रसंगीत. मी चिटणीस, शिवाय माईकवर समालोचक. पहिल्याच वर्षी घोळ झाला. खाजणवाडीच्या संघाचे मालक म्हणजे देवबागला पर्यटकांच्या बोटी चालवणारे एक शेठ. माणूस दिलदार, हातात सोन्याचं कडं, मन त्याहून मोठं. त्यांनी लिलावात एका दुपारी चांगले खेळाडू सगळेच्या सगळे विकत घेतले. बाकीच्या पाच संघांना जे उरलं त्यात एका संघाचा कर्णधार तर दोन नातवंडांचा आजोबा होता. अंतिम सामन्यात समालोचन करण्यासारखं काही घडेचना. मी प्रायोजकांची नावंच पुन्हापुन्हा वाचत राहिलो.

पुढच्या वर्षी दोन वाड्यांनी संघ उतरवायलाच नकार दिला. लीग बुडायची वेळ आली. बैठक बसली, तीही मामींच्या खानावळीत, कारण गावात तेवढी बाकडी दुसरीकडे नव्हती. अध्यक्ष कोणाला करायचं यावर वाद पेटला. प्रत्येक पुरुष कुठल्या ना कुठल्या वाडीचा. शेवटी कोणीतरी म्हणालं, मामींना करा. क्षणभर सगळे हसले आणि मग गप्प झाले, कारण सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आपण सगळे ज्याला घाबरतो असं गावात एकच माणूस आहे.

मामींनी पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं की प्रत्येक संघाने चाळीस हजारांत खेळाडू घ्यायचे. एक रुपयाही वर गेला तर गुण कापले जातील. मी नियम छान भाषेत लिहून आणला, 'खेळाडूस द्यावयाचे मानधन' वगैरे. त्यांनी तो वाचून घेतला आणि त्यात एक शब्द घालायला लावला. खेळाडूला दिलेलं 'सगळं' पगारात धरायचं. "सगळा म्हणजे सगळा," त्या म्हणाल्या. तो शब्द आपल्यालाच कुठे नेऊन ठेवणार आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या वर्षी शेठ चाळीस हजारांत राहिले, पण त्यांचा वेंगुर्ल्याचा एक चढाईपटू अचानक नव्याकोऱ्या मोटरसायकलवरून सरावाला यायला लागला. कुजबूज झाली. मामींनी चौकशी समिती वगैरे नेमली नाही. तो जेवायला आला तेव्हा डाव भातावर धरला. त्याने भात कालवायच्या आधी गाडीचा रंग कोणी निवडला तेही सांगून टाकलं.

शेठना बोलावणं गेलं. त्यांचं म्हणणं, गाडी पगारात नाही, गाडी आपण प्रेमाने दिली.

"प्रेम करूक तुका चढाई करणारोच गावलो?" मामींनी विचारलं. "गावात आणखी कोण नव्हता?"

मग त्यांनी चष्मा लावला. निकाल द्यायचा असला की त्या चष्मा लावायच्या आणि शुद्ध मराठीत शिरायच्या. आयुष्यात कधीतरी तहसीलदार कचेरीत ऐकलेली भाषा त्यांनी अशा प्रसंगांसाठी जपून ठेवली होती. पण ती शेवटपर्यंत टिकायची नाही. "समितीच्या असे निदर्शनास आले आहे की," त्यांनी सुरुवात केली, "की सदर संघमालकांनी नियमाचा भंग करून... आमका येडे समजलेले आसत." खाजणवाडीचे चार गुण गेले. शेठनी कडं मागे सरकवलं, मान्य आहे म्हणाले आणि जेवून गेले.

त्यानंतर संघमालकांच्या डोक्याला पालवी फुटली. एकाने खेळाडूच्या वडिलांना संघाचा सल्लागार नेमलं. ते गृहस्थ सामन्याला यायचे आणि झोपायचे. दुसऱ्याने खेळाडूच्या काजूच्या बागेला फुकट कुंपण घालून दिलं. मामी एकेकाला जेवायला बोलवत गेल्या आणि गुण कापत गेल्या. फक्त एकदा त्या अडल्या. बंदरवाडीच्या मालकाने आपल्या एका खेळाडूच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दिलं होतं, दोन्ही डोळ्यांचं. तक्रार आली. म्हातारी स्वतः बैठकीला आली, काळा चष्मा लावून, आणि पहिल्या बाकड्यावर बसली. मामींनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाल्या, "मास्तर, लिवा. एक डोळो पगारात धरा, एक पुण्यात."

हिशेब बरोबर चाळीस हजारांच्या आत बसला. म्हातारीने कोणता डोळा कशात, असं विचारलं म्हणतात.

आता आमच्या वाडीकडे येतो. आमच्या संघाचे मालक मामा. मालक म्हणजे काय, वाडीने वर्गणी काढली आणि होडी असलेला माणूस म्हणून मामांचं नाव लावलं. मामांनी आयुष्यात काहीच जिंकलेलं नव्हतं. होडीच्या शर्यतीत ते एकदा दुसरे आले होते, आणि त्या शर्यतीत होड्याच दोन होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी मात्र लिलावात त्यांनी घाटाच्या पायथ्याच्या एका गावातला पोरगा अगदी स्वस्तात उचलला. भात-काजू करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, उंच, लाजाळू, कोणी नाव न ऐकलेला. तो चढाईला गेला की समोरचे सात जण माडाच्या झावळ्यांसारखे आडवे व्हायचे. आमचा संघ गुणतक्त्यात पहिला आला. पहिले दोन संघ अंतिम सामना खेळणार होते. मामा रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायला लागले. जाळं घरी ठेवून.

मुलाचं गाव लांब, म्हणून तो महिनाभर वाडीतच राहिला आणि मामींकडे जेवला. आणि काय जेवला! त्याच्या घरी ताजा मासा कधीतरी आठवड्याच्या बाजाराला. इथे समोर समुद्र. तो सुरमईच्या काट्याशी असा बोलत बसायचा की आसपासची माणसं हात थांबवून बघायची. मामी त्याला वाढताना डाव थांबवत नसत. त्यांची मुलगी लग्न होऊन म्हापशाला गेलेली, खानावळीत येणारे पर्यटक फोटो काढून अर्धं टाकणारे. "जेवणारो माणूस बघलो काय माका बरा वाटता," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

साखळीतले सामने संपले आणि शेठनी तक्रार दिली. शेठ तिसरे होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. या खेळाडूला मालकाच्या बायकोकडून महिनाभर सुरमई थाळी फुकट मिळते. थाळीचा दर बाहेर फळ्यावर लिहिलेला आहे. गुणाकार करावा.

बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. मामी आता शेठना फाडून खाणार, या आशेने अर्धी वाडी आली होती. मामा दारात बसले होते. मामींनी मुलाला पुढे बोलावलं. त्याला कढीची धमकी द्यायची गरज नव्हती, तो खोटं बोलायला शिकलाच नव्हता. मामींनी पैसे घेतले का, असं मी चिटणीस म्हणून विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "मी देवक गेल्लंय. मामी म्हणाली, पैशे नको, कप हाड."

पैसे नकोत, कप आण. यापेक्षा स्वच्छ पगार कोणता असतो? मामींचा चेहरा मी पाहिला. त्यांना ते आठवत होतं, आणि बोलताना त्याचा अर्थ काय होतो हे त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं, हेही दिसत होतं. पोरगा सगळ्यांकडे बघत होता. आपण काय केलं ते त्याला कळत नव्हतं.

मामींनी पदराने चष्मा पुसला आणि लावला.

"समितीच्या असे निदर्शनास आले आहे की, अध्यक्षांच्या खानावळीतून सदर खेळाडूस विनामूल्य भोजन देण्यात आले. ते पगारात धरण्यात येत आहे. खर्च मर्यादेपलीकडे जात असल्याने संघाचे चार गुण कमी करण्यात येत आहेत."

त्या दिवशी त्यांच्या निकालात एकही मालवणी शब्द आला नाही. मला ते ऐकवेना.

चार गुण गेले म्हणजे आमचा संघ तिसरा झाला आणि शेठ अंतिम सामन्यात गेले. शेठनाच ते सोसेना. ते उठून म्हणाले की चारच्या जागी दोन कापले तरी आपली हरकत नाही.

"मोटरसायकलीक किती कापलेले?" मामींनी विचारलं.

"चार."

"मगे?"

शेठ खाली बसले.

पुढचा आठवडाभर आमच्या वाडीतलं कोणी खानावळीत फिरकलं नाही. मी जायचो, कारण मला दुसरीकडे जेवण नव्हतं. आणि एकदा शेठ आले. अपराधी चेहऱ्याने कोपऱ्यात बसून जेवले आणि ताटाखाली जास्तीची नोट सरकवून निघाले. मामींनी ती नोट रस्त्यापर्यंत पाठलाग करून परत दिली.

मामा घरात बोलत नव्हते. तसे ते एरवीही बोलत नसत, पण मामी मला म्हणाल्या की हे न बोलणं वेगळं आहे. एका दुपारी खानावळीत आम्ही तिघंच होतो. मामा जेवत होते. जेवता जेवता ताटाकडे बघतच त्यांनी सुरुवात केली, की त्या मुलाला घरात पाटावर वाढलं असतं तर तो पाहुणा झाला असता. फळा टांगलेल्या खानावळीत वाढलं, म्हणून पगार झाला.

मामी थक्क झाल्या. लीगच्या तीन वर्षांत इतकी चांगली पळवाट कोणी काढली नव्हती. "ह्या तुमका तेव्हा बोलाक काय झाला होता?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांका इचारतंस," मामा म्हणाले. "माका कधी इचारलंस?"

मामींनी तव्यावरचा तुकडा मामांच्या ताटात ठेवला आणि त्यांच्या समोरच्या बाकड्यावर बसल्या. जेवणाच्या वेळी मामींना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी हात धुवायला उठलो आणि बराच वेळ हातच धूत राहिलो.

अंतिम सामना बंदरवाडीने जिंकला. शेठ हरले, आणि मला वाटतं सुटले. पुढच्या वर्षापासून मामींनी सहाही संघांच्या सगळ्या खेळाडूंना लीगच्या खर्चाने एकसारखं जेवण लावलं. घाटाखालचा पोरगा पुन्हा आमच्याकडेच आला. त्याच्या ताटातला सुरमईचा तुकडा इतरांपेक्षा मोठा असतो, अशी तक्रार शेठनी केली, पण तोंडी. तुकडा मोजायची तयारी कोणाची नव्हती.

मग म्हापशाच्या मुलीला जुळं झालं. मामी तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला आता दीड वर्ष होत आलं. जुळ्यांपैकी एक झोपला की दुसरा उठतो म्हणतात. खानावळ एका तरुण जोडप्याने चालवायला घेतली आहे. ते विचारत काही नाहीत, वाढून मोकळे होतात. मामा होडीमुळे इथेच राहिले. म्हापशाला चला म्हटलं की जाळं पुढे ओढायचे. लीगचे अध्यक्ष शेठ झालेत, आणि चाळीस हजारांचं कलम त्यांनी कोणाला हात लावू दिलेला नाही.

यंदा आमची वाडी जिंकली. दुपारचा सामना, अगदी शेवटच्या चढाईवर. माईकवर माझा आवाज फाटला तो अजून नीट झालेला नाही. वाडीतली पोरं नाचत होती, आणि मामा कुठे दिसेनात. बघतो तर ते कप काखेत मारून रस्त्याने चालू लागलेले. मी स्कूटर काढली, त्यांना मागे बसवलं आणि कुठे सोडू विचारलं. ते म्हणाले, स्टँडवर.

म्हापशावरून जाणारी पणजीची एसटी लागलेली होती. मामा संघाचं भगभगीत पिवळं बनियन तसंच घालून आत चढले. पायात रबरी चपला, बरोबर पिशवी नाही, कपडा नाही. मी मागोमाग चढून विचारलं, परत कधी. त्यांनी माहीत नाही असा हात केला. कंडक्टर आला, कपाकडे बघून म्हणाला, वर फळीवर ठेवा, वाटेत बसायला माणसं चढतील.

मामांनी मान हलवली, कप मांडीवर घेतला, दोन्ही हात त्याच्याभोवती टाकले आणि त्यांच्या खिशातून तिकिटाचे पैसे काढायला मला सांगितलं.