ताडकळसच्या फरशीतून आलेले ठोके

सर्वांना जय भीम. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या आईने तर अंगात आलेल्या बाईला "चहा घेतीस का?" असं विचारून भानावर आणलंय... अशा घरातला मी. तरी हे लिहितोय, कारण आता आत मावत नाही.

गाव ताडकळस, जिल्हा परभणी. मी परराज्यातल्या एका खोल सोन्याच्या खाणीत, हादरे मोजणाऱ्या यंत्रांवर होतो. घरापासून रेल्वेने दीड दिवस. धाकटा भाऊ मिलिंद त्याच खाणीत, जमिनीखाली. त्याला तिथे मीच चिकटवला होता.

खाणीत एक फॉल्ट होता – खडकातली जुनी भेग, जिच्या दोन बाजू सरकू शकतात. दगड खोदून काढला की वरचा भार आजूबाजूच्या दगडावर जातो. जवळ फॉल्ट असला तर ताण तिथे साचत राहतो, आणि एक दिवस भेग सरकते. भूकंपच तो, खाणीपुरता. खोदकाम फॉल्टकडे जाईल तसे हादरे वाढत होते. मी रोज लिहून वर पाठवायचो, वरचे ठेवून घ्यायचे.

एका सोमवारी सकाळी भेग सरकली. बोगद्याचं तोंड बुजलं. आत मिलिंद, एकटा.

त्यानंतरही लहान हादरे येतच होते. बचावाची माणसं आत सोडायची का, हे माझ्या यंत्रांवर ठरणार होतं. मिलिंद अडकल्याचं घरी कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला आईचा फोन.

"आरं, मी ज्वारी निवडायले, अन् फरशीखालून कुणीतरी ठोकायलंय. तीन ठोके, मग गप. पुन्ना तीन."

अडकलेल्या माणसाने तीन-तीन ठोके द्यायचे, ही खाणीतली रीत. पण म्हटलं, मिलिंदनेच कधी सांगितलं असेल तिला.

"आई, आपल्याकडं अधूनमधून जमीन हादरते, त्यातलंच असंल."

"हादरा कळत न्हाई का मला? मिलिंद हाय तो. जा की त्याच्याकडं!"

मी तिच्यावर ओरडलो आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी साहेबांनी विचारलं, "आत कोणी जिवंत असल्याची काही खूण?" मी स्क्रीन पाहिली, नाही म्हणालो. संध्याकाळी शोध थांबला. पुढे तो भाग कायमचा बंद केला. घरी आम्ही फोटोसमोर वंदना घेतली.

आमचं यंत्र बारीक आवाज आपोआप गाळून टाकतं. चार महिन्यांनी मी त्या दिवशीची न गाळलेली नोंद उघडली. अकरा पस्तीसपासून तीन ठोके, मग गप, पुन्हा तीन... बारानंतर मधलं अंतर वाढत गेलेलं. शेवटच्या वेळी दोनच.

ताणाखालचा दगडही तडकतो, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण तीन-तीन मोजून? आणि ताडकळसला, आईच्या फरशीत कसं पोचलं ते? मिलिंदने तिला खाणीतलं कधीच काही सांगितलं नव्हतं, हेही तिला विचारून घेतलं. मी नोकरी सोडली.

मागच्या महिन्यात आईने विचारलंच. "तवा तुझ्या मशीनमधी आलं होतं का रं काही?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिने फरशीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "मंग माझेच कान वाजले. बरं झालं... लगीच गेलं असंल लेकरू."