सालिमने दिलेली जागा

ओमानमधल्या सूरच्या धक्क्यावरून बोट सुटली की जहूर पाहुण्यांसमोर खजुराचा रिकामा पत्र्याचा डबा धरायचा. पाहुण्यांनी आपापले मोबाइल त्यात टाकायचे. कोणी कुरकुर केली तर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "साब, पिछले महिने दो मोबाइल मछली खा गई." पाहुणे हसत आणि मोबाइल डब्यात पडत. डबा जहूरच्या बसायच्या फळीखाली जाई. परतताना बंदराचे दिवे दिसायला लागले की तो उघडायचा.

मोबाइल पाण्यात पडतात हे काही अगदीच खोटं नव्हतं. पण डबा त्यासाठी नव्हता.

जहूर राजापूर तालुक्यातल्या साखरी नाट्याचा. बाप, आजा, सगळे दर्यावर पोट भरलेले. बावीस वर्षांपूर्वी तो सूरला सालिमच्या होडीवर खलाशी म्हणून आला तेव्हा त्याला अरबी येत नव्हतं आणि सालिमला हिंदी. पण जाळं कसं झटकायचं, वारा कुठून फिरणार, हे सांगायला भाषा लागली नाही. सालिम तेव्हा सूरमधला नावाजलेला नाखुदा. तांबोशी धरायची तर सालिमने, असं बाजारात म्हणत. तो तिला हमरा म्हणे. लालसर, जड अंगाची, रात्री खडकाच्या फटीतून बाहेर येऊन चरणारी मासळी. कुठून आणतो ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

मग सालिमच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. एका रात्री दोघेच होडीत असताना त्याने इंजिन बंद करायला लावलं, जहूरची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

"अयजाचं दीपगृह दिसतं? त्याच्या मागे किल्ल्याचा दिवा होता. आता कुठे आहे?"

"लपला."

"बरोब्बर मागे लपला पाहिजे. आता इकडे." हनुवटी उजवीकडे वळली. "गॅसच्या कारखान्याची ज्योत. तिच्या डोक्यावर टेकडीवरच्या टॉवरचा लाल दिवा. टोपी घातल्यासारखा. दोन्ही जुळलं की नांगर टाक. खाली बैत आहे."

बैत म्हणजे घर. पाण्याखालच्या त्या खडकाला सालिम दुसरं काही म्हणत नसे.

नियमही त्याने त्याच रात्री सांगितले. एका खेपेला दहाच्या वर मासे नाहीत. हातभर लांबीच्या आतली परत पाण्यात. उन्हाळ्यात अंडी धरतात तेव्हा तिकडे फिरकायचं नाही. आणि प्रत्येक खेपेची पहिली तांबोशी सालिमच्या घरी.

"आणि खमीसला खुणा सांगू नकोस," तो शेवटी म्हणाला. खमीस त्याचा एकुलता मुलगा. "पोरगा चांगला आहे. पण त्याच्या पोटात काही राहत नाही."

सालिम घरी बसला आणि खमीसने होडी विकून पर्यटकांसाठी नवी बोट घेतली. मऊ गाद्या, रॉड ठेवायला नळ्या, चहाचा थर्मास. रात्रीच्या मासेमारीला माहीतगार माणसासह, अशी जाहिरात केली. कागदावर कप्तान खमीस, कारण कप्तान ओमानीच लागतो. माहीतगार माणूस म्हणजे जहूर. जहूर बोट दाखवी तिकडे खमीस बोट हाकी. बापाच्या शब्दाखातर तोही आपला मोबाइल डब्यात टाकायचा, आणि मग पाच तास काय करायचं हे न कळून जांभया देत बसायचा. दिव्यांकडे त्याने कधी पाहिलं नाही. "तू आहेस ना," म्हणायचा.

खेप झाली की सकाळी जहूर पहिली तांबोशी घेऊन सालिमच्या घरी, अयजा मोहल्ल्यातल्या गल्लीत जाई. सालिम पलंगावर पडून असे. मासा मांडीवर घेऊन तो कल्ल्यांत अंगठा घाली, पाठीवरून हात फिरवी, मग बोट माशाच्या तोंडात घालून ओठाला पडलेलं गळाचं भोक चाचपी आणि म्हणे, "बैतातली." तेवढंच. मग कहवा येई. एवढ्या वर्षांत त्यांचं फारसं बोलणं असं झालं नव्हतं, पण ही सकाळ चुकली नव्हती.

जानेवारीत एका गुरुवारी मस्कतहून दोनच पाहुणे आले. धम्मदीप तिथल्या अझैबा भागात राहायचा, इंजिनिअर होता. सोबत त्याचे वडील दयानंद, भंडाऱ्याहून पहिल्यांदाच आलेले. म्हाताऱ्याने दोन स्वेटर घातले होते आणि वर कानटोपी.

"बाबा, सांभाळून," धम्मदीप मराठीत म्हणाला, आणि जहूरने हात पुढे करत सहज म्हटलं, "चाचा, पाय हिकडं ठेवा. हां, असा."

म्हातारा जागीच थांबला. "अरे! मराठी हाये का भाऊ तुम्ही?"

"रत्नागिरीकडचा."

"आन् मी येथं चार दिवसांपासून हिंदी बोलून जबडा दुखवून घेतला!"

तिथपासून दयानंदांची टकळी सुरू झाली. लहानपणी वैनगंगेत गळ टाकून बसायचे. मास्तर शाळेतून शोधायला यायचे. पुढे नोकरी लागली, नदी सुटली. "पन्नास वर्षं झाले गळ धरून. या पोट्ट्याले म्हटलं, मले ते मोठे मॉल नको दाखवू. एक डाव मासोळी धरू दे."

जहूरने सवयीने डबा काढला. धम्मदीप मोबाइल टाकणार एवढ्यात म्हातारा म्हणाला, "एक फोटो काढू द्या ना भाऊ. अनुसया घरी हाये, तिचे गुडघे गेले, येता नाही आलं तिले. तिले दाखवीन म्हटलं."

जहूर क्षणभर घुटमळला. मोबाइलमध्ये जागा नोंदली जाते, हे खरं कारण सांगायची तीच वेळ होती. पण गावाकडच्या माणसाला, बापाच्या वयाच्या, तुमच्यावर विश्वास नाही असं कसं म्हणायचं?

"काढा, काढा," तो म्हणाला. "पाण्यात पडतात म्हणून हो. बाकी काय नाय." आणि डबा फळीखाली सरकवला. खमीसने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले.

दिवे जुळले. नांगर गेला. जहूरने म्हाकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा गळाला टोचून दोरी दयानंदांच्या हातात दिली. रॉड नको म्हणाले होते ते. अर्धा तास काही नाही. मग म्हाताऱ्याचे दोन्ही हात एकदम खाली गेले.

"अरे बाप्पा! हे तर मलेच ओढून राहिलं!"

"सोडा थोडी, चाचा! सोडा... आता घ्या. हळू. तिला वाटू द्या, तीच जिंकली."

तांबोशी वर आली तेव्हा हातभराहून मोठी होती. बोटीच्या दिव्यात तिचा डोळा निखाऱ्यासारखा चमकला. दयानंदांनी ती छातीशी धरली, स्वेटर भिजला, आणि ते रडले. धम्मदीपने फोटो काढले. पहिली तांबोशी सालिमची, पण त्या रात्री जहूरने दुसरी सालिमची ठरवली. नियम, डबा, दोन्ही त्याने त्या एका म्हाताऱ्यासाठी जरा जरा सैल केलं, आणि परतताना त्याला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपण कोणाला काहीतरी दिलं.

शनिवारी धम्मदीपचा निरोप आला. मस्कतमधल्या मासेमारीची हौस असलेल्यांच्या एका ग्रुपवर त्याने टाकलेलंच त्याने जहूरलाही पाठवलं होतं. तांबोशी धरलेल्या वडिलांचा फोटो, खाली लांबलचक मजकूर. जहूरभाईंसारखा माणूस नाही. आपल्या रत्नागिरीचा. सगळ्यांनी एकदा तरी जाच. आणि त्याखाली नकाशावरची लाल खूण, 'जहूरभाईंची जागा' असं लिहिलेली.

जहूरने ते तीनदा वाचलं. मग बायकोला, सकिनाला फोन लावला. ती साखरी नाट्याला घरी होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"मग सांगा त्यांना, काढून टाका म्हणून," ती म्हणाली.

"सांगितला. त्यांनी लगेच काढला. चारदा माफी मागितली. म्हणाले, जहूरभाई, एक शब्द बोलला असतात तर मी मोबाइल समुद्रात टाकला असता. पण दोनशे लोकांनी आदुगरच बघितलान. पुढं कुठं कुठं गेला, काय ठाव."

"तुमी तेंना सांगितलाव काय, मोबाइल पाण्यात पडतात."

"हो."

"मग तेंची काय चूक?"

"तेंची कायच नाय."

सकिनाने कुकर उतरवला. "भल्या माणसावर रागवायला पण येत नाय," ती म्हणाली. "जेवलाव काय?"

फेब्रुवारीत पहिल्यांदा दिवे जुळायच्या आधीच पाण्यावर दुसरा दिवा दिसला. पुढच्या आठवड्यात चार. नंतर रमजानच्या आधीच्या गुरुवारी नऊ. कुठून कुठून आलेल्या बोटी. रॉड, टॉर्च, गाणी. एकाने तर जहूरला हात करून विचारलं, "बॉस, ये ही है ना जहूरभाई का पॉइंट?" जहूर मान हलवून हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? समुद्र कोणाच्या नावावर नसतो.

खमीस मात्र खूश होता. फोन वाजत होते. "बघ, तुझं नाव झालं," तो म्हणायचा. "यल्ला, चल, दुसरी बोट घेऊ." मासे कमी आलेत असं जहूरने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "येतील. इन्शाल्ला. पाहुण्यांना म्हाकूल धरू दे, तेही मासाच."

ईदनंतर एका खेपेला एकही तांबोशी लागली नाही. सकाळी जहूर धक्क्यावर उभा राहिला. रिकाम्या हाताने जायचं की जायचंच नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी पाय बाजाराकडे वळले. लिलावाच्या ओट्यावर बर्फात एक तांबोशी होती, चांगली मोठी. त्याने ती घेतली, बर्फ धुऊन काढला, उन्हात थोडी ऊब येऊ दिली आणि अयजाला गेला.

सालिमने मासा मांडीवर घेतला. कल्ले पाहिले. पाठीवरून हात फिरवला. मग बोट माशाच्या तोंडात घातलं आणि ओठावरून सावकाश फिरवलं, या बाजूने, त्या बाजूने. पुन्हा एकदा.

"गळाची खूण नाही," तो म्हणाला.

जहूरची नजर माशाच्या ओठावर गेली.

"जाळ्यातली आहे." सालिमने मासा खाली ठेवला नाही. "तिथे आता किती दिवे असतात?"

"नऊ होते. काल अकरा."

म्हाताऱ्याचा जबडा हलला. "खमीस."

एवढं एकच नाव. बाहेरच्या खोलीत खमीस फोनवर कोणाला तरी दर सांगत होता. जहूर नुसता गप्प बसला असता तरी भागलं असतं. बापाचा मुलावर तसाही विश्वास नव्हता; तो आणखी थोडा उडाला असता, एवढंच.

"खमीस नाही," जहूर म्हणाला. "मी."

त्याने सगळं सांगितलं. पाहुण्या म्हाताऱ्याचे दोन स्वेटर, वैनगंगा, फोटो, डबा. बावीस वर्षांनंतरही त्याचं अरबी तोकडं पडलं. भीड या शब्दाला त्याला अरबीत काही सापडेना. तो म्हणाला, "मला नाही म्हणता आलं नाही."

सालिमने मान त्याच्याकडे वळवली. डोळे उघडेच होते, पांढरट.

"त्या माणसाला मासा मिळाला?" त्याने विचारलं.

"मिळाला. हातभराहून मोठा."

"रडला?"

"हो."

"मीही रडलो होतो," सालिम म्हणाला. "बापाने ती जागा दाखवली तेव्हा." मग त्याने मासा जहूरच्या हातात परत दिला. "हा घेऊन जा. विकतचा मासा माझ्याकडे आणू नकोस."

"मग काय आणू?"

सालिमने तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी कहवा आला नाही, किंवा जहूर थांबला नाही, नंतर त्याला ते नीट आठवेना.

पुढच्या गुरुवारी मस्कतच्या रुवी भागातून सहा पाहुणे आले. जहूरने सवयीने डबा काढला. एकजण म्हणाला, "अरे भाई, लोकेशन तो इसी में है," आणि मोबाइल खमीससमोर धरला. खमीस त्यावरचा निळा ठिपका पाहत बोट हाकू लागला. डबा जहूरच्या मांडीवर राहिला, रिकामा.

कोणी विचारत नव्हतं तरी जहूरची मान किनाऱ्याकडे वळली. किल्ल्याचा दिवा दीपगृहामागे सरकत होता. उजवीकडे ज्योतीवर लाल टोपी चढली. "बस," तो मनात म्हणाला. त्याच वेळी खमीसने इंजिन बंद केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला तेरा दिवे होते.

दोन तासांनी एका पाहुण्याच्या दोरीला काहीतरी लागलं. वर आली ती तळहाताएवढी तांबोशी, यंदाचीच. सगळे टॉर्च तिच्यावर पडले.

"पहिली!" खमीस ओरडला. "अब्बांना ने, जहूर."

जहूरने ती ओंजळीत घेतली. गळ जपून काढला. ओठाला बारीक भोक पडलं होतं, गळाचं, खरं. कोणी फोटो म्हणायच्या आत त्याने वाकून ओंजळ पाण्यात बुडवली आणि बोटं उघडली.

मासा आडवा झाला. क्षणभर तसाच, पोट पांढरं. मग शेपटी एकदा हलली आणि तो खाली गेला. बोटीच्या दिव्याचा उजेड जितका खोल जात होता तितका वेळ जहूरला तो दिसला. शेजारच्या बोटीवरच्या कोणीतरी ते पाहिलं होतं. पाण्यात डुबुक झालं; त्याचा गळ नेमका तिथेच पडला.